झेंडूने कापड रंगवताय? या चुका टाळा

दसरा-दिवाळी उरकली की दारावरची तोरणं उतरतात आणि पाटीभर झेंडू उकिरड्यावर जातो. त्याच फुलांत ओढण्या, उशीचे अभ्रे, गोधडीचे तुकडे फार सुंदर रंगतात. पण पहिल्यांदा करून बघणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते: पहिल्याच धुण्याला रंग गेला, नाहीतर कापडभर डाग पडले. मग फुलांना बोल लावला जातो. माझ्या मते दहातल्या नऊ वेळा फुलं चांगलीच असतात. काम बिघडतं ते कापडाच्या तयारीत आणि पाण्यात.

दुकानातून आणलेलं सुती कापड तसंच रंगात बुडवू नका. त्याला खळ असते आणि कापसाचं स्वतःचं मेणही असतं. रंगाचं पाणी वरच्या वर राहतं. धुण्याचा सोडा घालून कापड तासभर उकळा. पांढऱ्याशुभ्र दिसणाऱ्या कापडातूनही पिवळट, गढूळ पाणी निघतं. नीट धुऊन वाळवल्यावर त्यावर पाण्याचा एक थेंब टाका. थेंब मण्यासारखा थांबला तर अजून एकदा उकळा, लगेच जिरला तर कापड तयार. वाकळीसाठी ठेवलेलं जुनं धोतर किंवा लुगडं हाताशी असेल तर नवं विकत आणूच नका. वर्षानुवर्षांच्या धुण्याने त्यातली खळ कधीच गेलेली असते. टेरीकॉटच्या (पॉलिस्टर मिसळलेल्या सुताच्या) नादी लागू नका, ते झेंडूचा रंग नीट धरत नाही. हिमरूचा उरलेला तुकडा रंगवायचा असेल तर त्यात सूत आणि रेशीम दोन्ही आहे हे ध्यानात ठेवा. रेशीम रंग जास्त पितं, त्यामुळे एकसारखी छटा मिळत नाही.

दुसरी चूक सगळ्यात महागात पडते: हिरडा आणि तुरटी वगळणं. सुताला फुलाचा रंग आपणहून चिकटून राहत नाही. अर्धा किलो कोरड्या कापडाला 75 ते 100 ग्रॅम हिरड्याची पूड घ्या आणि कोमट पाण्यात कालवून कापड रात्रभर त्यात भिजत ठेवा. कापड फिकट पिवळसर होईल, ते तसंच व्हायला हवं. पिळून वाळवा. मग 75 ग्रॅम तुरटी गरम पाण्यात पूर्ण विरघळवून त्यात कापड बुडवा. खडे तसेच राहिले तर जिथे टेकतील तिथे गडद ठिपके उठतात.

आणि हो, हिरडा दिलेलं ओलं कापड गंजक्या तारेवर वाळत घालू नका. हिरड्यातला तुरट अंश लोखंडाला भेटला की काळा होतो. तारेची रेघ कापडावर उमटते आणि साबणाने जात नाही. नायलॉनची दोरी बांधा. गंजलेली पत्र्याची बादली वापरली तरी हेच होतं.

आता पाणी. आपल्याकडे बहुतेकांचं काम बोअरच्या पाण्यावर. पातेल्याच्या तळाला पांढरा थर धरत असेल, साबणाला फेस येत नसेल, तर ते पाणी जड आहे. अशा पाण्यात तुरटीचा काही भाग क्षारांशी जुळून पांढऱ्या गाळासारखा खाली बसतो. कापडाला मिळायची ती तुरटी तळाशी जाते, उरलेली कमीजास्त लागते आणि रंग चट्ट्याचट्ट्यांनी चढतो. सोडा देऊन उकळायला, धुवायला बोअरचं पाणी चालेल. शेवटचं खळबळणं, तुरटी आणि रंग यांना मात्र पावसाचं साठवलेलं किंवा जारचं पाणी घ्या. एवढ्या एका बदलाने पडणारा फरक डोळ्यांना दिसतो.

फुलं सावलीत सुकवा, बुरशी धरलेली काढून टाका. तोरणाचा दोरा आणि हिरवे देठ काढून फक्त पाकळ्या घ्या, ताज्या असतील तर कापडाच्या वजनाच्या दुप्पट. मंद आचेवर, वाफ येईल पण खळखळ उकळणार नाही, असं तासभर ठेवा. मोठी आच दिली की सोनेरी रंग मातकट होतो. गाळल्याशिवाय कापड टाकू नका आणि टाकल्यावर सतत हलवा. पातेलं स्टीलचं, फक्त याच कामाचं.

हळद आणि बीट यांचा मोह टाळा. हळद उन्हात उडते, साबण लागला की लाल पडते. बीट तर टिकतच नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये किनवट-माहूरकडे पळस फुलतो. त्याचा केशरी मोहक खरा, पण उन्हात उतरतो. तो घरात वापरायच्या वस्तूंसाठी ठेवा.

एवढं करूनही चट्टे पडलेच तर कापड फेकू नका. अर्धा किलो कापडाला 5 ग्रॅम हिराकस (लोखंडाचा क्षार) भरपूर पाण्यात विरघळवा, हातमोजे घाला, पाच-दहा मिनिटं कापड हलवत राहा. झेंडूचा पिवळा मेंदीसारखा हिरवट होतो आणि चट्टे बरेचसे त्यात मिसळून जातात. हिराकसाचा हात सैल सोडू नका, जास्त झाला तर सूत कमजोर होऊन कापड विरतं. नंतर स्वच्छ पाण्यात धुऊन सावलीत वाळवा. पहिलं धुणं चार-आठ दिवसांनी, रिठ्याच्या पाण्यात.