घरी बीपी मोजताय? मग वरच्या-खालच्या आकड्यातला फरक पण बघा

"खालचा ७० आहे ना, मग कसलं टेन्शन" असं साठी ओलांडलेल्यांकडून हमखास ऐकायला मिळतं, आणि नेमकं तिथंच फसायला होतं.

आधी आत काय चालतं ते बघू. प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या पेशी साधारण ४० ते ६० वेळाच विभागतात आणि मग थांबतात, हे १९६१ मध्ये हेफ्लिक आणि मूरहेड या शास्त्रज्ञांनी दाखवलं. शरीरातही अशा थकलेल्या पेशी साठत जातात, काम करत नाहीत आणि जागाही सोडत नाहीत, वर सूज वाढवणारी रसायनं सोडत बसतात (रिटायर झालेला साहेब रोज ऑफिसात येऊन कटकट करतो ना, तसंच). रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरात हे झालं की नळी सैल करणारा नायट्रिक ऑक्साइड वायू कमी बनतो, नळी नीट सैल होत नाही, चरबीचे थर बसायला सोपं जातं. त्यात नळीला लवचिक ठेवणारं इलास्टिन बहुतेक लहानपणीच तयार झालेलं असतं, दिवसाला लाखभर ठोके झेलून ते झिजतं. मग नळी कडक होते, म्हणून वरचा आकडा चढतो आणि खालचा उतरतो. १५५/७० म्हणजे फरक ८५ झाला! तरुणपणी तो ४० च्या आसपास असतो, ६० च्या वर जायला लागला की डॉक्टरांना दाखवायचंच.

मोजायचं कसं? चहा, तंबाखू, व्यायाम यानंतर अर्धा तास जाऊ द्या, लघवीला जाऊन या, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा, पाय जमिनीवर, मांडी घालून नाही. पट्टा उघड्या दंडावर, दंड छातीच्या लेव्हलला, आणि मशीन चालू असताना सिरीयलवर चर्चा नको. एक मिनिट सोडून दोनदा, सकाळ-संध्याकाळ, सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी काढा, घरी ती १३५/८५ किंवा वर आली तर बीपी जास्त धरतात.

थकलेल्या पेशी काढून टाकणाऱ्या औषधांवर अजून प्रयोगच चाललेत, त्यामुळे ऑनलाइन दिसणाऱ्या 'अँटी एजिंग' गोळ्यांवर पैसे घालवू नका. चालणं वाढवा, मीठ कमी करा, तंबाखू-मिश्री बंद.

हे आकडे लिहिलेली वही घेऊनच डॉक्टरकडे जा, उठताना चक्कर येत असेल तर तेही सांगा, कारण वरचा उतरवणारी गोळी खालचाही उतरवते आणि डोस त्या हिशोबाने ठरवावा लागतो.