शाळेतील डब्याचे नियम कसे ठरवावेत आणि कसे लिहावेत

जून महिन्यात शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात पालकांच्या हाती सूचनांचा कागद येतो. त्यात गणवेश, बूट आणि वह्यांच्या कव्हरांच्या खालोखाल डब्याविषयी बहुधा दोनच ओळी असतात: ‘डब्यात पौष्टिक आहार द्यावा. जंक फूड आणू नये.’ या दोन ओळींवरून सकाळी सहा वाजता ओट्यापाशी उभ्या असलेल्या आईला किंवा वडिलांना नेमके काय करायचे हे कळत नाही. एका घरात बाजारातले नाचणीचे बिस्किट पौष्टिक समजले जाते, दुसऱ्या घरात तुपातली शंकरपाळी, तर तिसऱ्या घरात आदल्या रात्रीच्या पोळ्यांचा कुस्करा. नियम असा मोघम राहिला की त्याचा अर्थ रोज मधल्या सुट्टीत वर्गशिक्षिकेला लावावा लागतो, आणि त्याची झळ बसते ती स्वतः डबा न भरणाऱ्या सहा-सात वर्षांच्या मुलाला. डब्याचा नियम हा मोठ्या माणसांनी मोठ्या माणसांसाठी केलेला नियम असतो, हे मुख्याध्यापकांनी आणि पालक प्रतिनिधींनी एकदा मान्य केले की पुढच्या बहुतेक गोष्टी सोप्या होतात.

अधिकार कोणाचा, हे आधी पाहावे

महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने मे २०१७ मध्ये शासन निर्णय काढून मीठ, साखर आणि मेद जास्त असलेले पदार्थ शाळांच्या उपाहारगृहांत विकण्यास मनाई केली. त्यानंतर भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०२० मध्ये शाळकरी मुलांच्या आहारासंबंधीचे विनियम अधिसूचित केले. त्यांनुसार असे पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. या दोन्ही तरतुदींचा रोख विक्रीवर आहे. घरून येणाऱ्या डब्यात कोणते पदार्थ असावेत याची यादी त्या देत नाहीत. म्हणून ‘सरकारचा नियम आहे’ एवढे सांगून डब्याचा विषय मिटवता येत नाही. तो नियम शाळेचा स्वतःचा असतो आणि पालकांच्या संमतीच्या बळावरच तो टिकतो.

ही संमती घेण्याची जागा तयारच आहे. खासगी शाळांत २०११ च्या शुल्क विनियमन अधिनियमानुसार पालक-शिक्षक संघ असतो. शासकीय आणि अनुदानित शाळांत शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. मसुदा या सभेत वाचून दाखवावा आणि चर्चा पूर्ण होऊ द्यावी. याच कायद्याचे कलम १७ मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यास मनाई करते. एखाद्या मुलाचा डबा वर्गासमोर उंच धरून ‘हे काय आणलंस?’ असे विचारणे हा मानसिक त्रासच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक मधली सुट्टी बसून पाहावी

मसुदा लिहिणाऱ्यांनी पहिली किंवा दुसरीच्या वर्गात मागच्या बाकावर बसून एक संपूर्ण मधली सुट्टी पाहावी. घंटा वाजते, मुले हात धुवायला नळाकडे पळतात आणि रांगेतच सुट्टीचा बराच वेळ जातो. परत आल्यावर एखादी मुलगी चारही बाजूंनी क्लिप असलेल्या डब्याशी झटत राहते. तीन क्लिपा निघतात, चौथी निघत नाही. शेवटी ती डबा पोटाशी धरून जोर लावते, झाकण एकदम सुटते आणि वाटाण्याची उसळ दप्तरावर सांडते. शेजारच्या मुलाच्या डब्यात अख्ख्या पोळीची घडी असते. ती त्याला तोडता येत नाही म्हणून तो नुसती भाजी चिमटीने खातो. अजून दोघे-तिघे गप्पांत असताना घंटा होते आणि अर्धा डबा तसाच मिटला जातो.

हे पाहिले म्हणजे लक्षात येते की लहान वर्गांच्या नियमात पदार्थांच्या आधी तीन गोष्टी यायला हव्यात: डबा मुलाला स्वतः उघडता आणि लावता यावा, पोळीचे तुकडे किंवा सुरळी करून द्यावी आणि अन्न सुट्टीच्या वेळात संपेल इतकेच असावे. शाळेने आपल्या बाजूने हात धुण्याचा वेळ सुट्टीतून न कापता आधीच्या तासातून द्यावा. पालकांकडून शिस्त मागणाऱ्या शाळेने एवढे केलेच पाहिजे.

दप्तराच्या ओझ्याचा हिशेबही येथेच करावा. केंद्र सरकारच्या २०२० च्या धोरणानुसार दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त असू नये. पहिलीतले मूल २० किलोचे धरले तर दप्तर दोन किलोचे होते, आणि एक लिटर पाण्याने त्यातला निम्मा वाटा संपतो. शाळेत पिण्याचे स्वच्छ पाणी असेल तर छोटी बाटली पुरे, असे नियमातच लिहावे. बाटली काचेची नसावी.

मनाईची यादी छोटी आणि नावानिशी असावी

‘जंक फूड’ हा शब्द नियमात न वापरलेलाच बरा. त्याऐवजी पदार्थ सांगावेत: पाकिटबंद वेफर्स आणि कुरकुरीत खाऊ, झटपट नूडल्स, चॉकलेट आणि गोळ्या, क्रीमची बिस्किटे, बाटलीबंद शीतपेये आणि खोक्यातले गोड रस. कारणही एका वाक्यात द्यावे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेल्या साखरेतून आणि रसांसारख्या पदार्थांतल्या मोकळ्या साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसभराच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी असावी. लहान मुलाच्या बाबतीत गोड पेयाच्या एका बाटलीत ही मर्यादा जवळजवळ गाठली जाते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२५ मध्ये आपल्या शाळांना साखरेचे प्रमाण दाखवणारे फलक लावायला सांगितले, ते याच काळजीपोटी. राज्य मंडळाच्या शाळेलाही असा फलक लावायला काहीच हरकत नाही. चार ग्रॅम साखर म्हणजे साधारण एक छोटा चमचा, एवढे सांगितले तरी पाकिटावरचा तक्ता चौथीतले मूल स्वतः वाचू लागते.

घरी केलेल्या तळणाची या यादीत भर घालू नये, असे मला वाटते. दिवाळीनंतर डब्यात चकली असणारच आणि श्रावणात कोणाच्या घरची पुरीही असणार. पोळी-भाजीसोबत आलेल्या एका चकलीने काही बिघडत नाही. तिला मनाई केली तर मात्र नियमाला घरचे आणि बाजारचे यांतला फरक कळत नाही, असे पालक म्हणतील आणि त्यांचे म्हणणे खरे असेल.

बालवाडीसाठी एक वेगळी ओळ हवी. अख्खे शेंगदाणे, अख्खी द्राक्षे, फुटाणे आणि कडक गोळ्या लहान मुलांच्या घशात अडकू शकतात. म्हणून द्राक्षे उभी चिरून द्यावीत आणि दाणे कुटूनच द्यावेत.

काय आणावे, हे सांगताना

बऱ्याच शाळा वारांचे वेळापत्रक देतात: सोमवारी पोळी-भाजी, मंगळवारी उसळ, बुधवारी इडली, गुरुवारी पनीर, शुक्रवारी सुका मेवा. वर्गात सगळ्यांचे डबे सारखे दिसावेत हा त्यामागचा हेतू चांगला आहे. पण असे वेळापत्रक लिहिताना पनीर आणि काजू-बदाम कोणाला परवडतात याचा विचार केलेला नसतो. ज्या घरात रोज भाकरी होते त्या घराला बुधवारी इडली करणे हे वेगळे काम होऊन बसते. पदार्थ ठरवून देण्यापेक्षा प्रकार सांगावेत: पोळी, भाकरी किंवा भात, त्यासोबत भाजी, उसळ, घट्ट वरण किंवा पिठले, आणि जमेल त्या दिवशी हंगामातले फळ, मग ते केळे असो, पेरू असो की मूठभर बोरे. फोडणीची पोळी आणि फोडणीचा भात चालतो, हे मुद्दाम लिहावे, कारण तो डबा उघडायला संकोचणारी मुले प्रत्येक वर्गात असतात.

किती द्यावे याला एक सोयीचे माप आहे. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला एका जेवणात ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने, तर सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने मिळावीत असे ठरलेले आहे. दोन मध्यम पोळ्या आणि वाटीभर घट्ट मटकीची उसळ यांतून लहान मुलाची १२ ग्रॅम प्रथिने साधारण भरतात. छोट्या सुट्टीच्या डब्यासाठी मात्र हे माप लावू नये. तेथे फळ, चुरमुरे किंवा एखादा लाडू पुरतो.

मांसाहार आणि अंडी

सभेत सर्वांत तापणारा विषय हाच असतो, म्हणून तो टाळून पुढे जाऊ नये. शाळेने मांसाहारी डबा नको असे ठरवले तर तो निर्णय सभेत, कारणासह व्हावा, आणि त्याच्या भाषेत कोणाच्या जेवणाला कमी लेखणारा शब्द नसावा. ‘शुद्ध’, ‘सात्त्विक’, ‘वास येतो’ असे शब्द मसुद्यात दिसले तर ते काढावेत, कारण ते वाचणाऱ्या कोकणातल्या मुलाच्या घरी रोज मासळीचे कालवण शिजत असते. काटे किंवा हाडे असलेले पदार्थ घाईच्या सुट्टीत धोक्याचे असतात, रस्सा सांडतो, हे खरे कारण आहे आणि ते सर्वांना पटते. अंड्याबाबत राज्याने दाखवलेली वाट मला समंजस वाटते: नोव्हेंबर २०२३ मध्ये पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे देण्याचे ठरले, तेव्हा ते न खाणाऱ्या मुलांसाठी केळ्याची सोय ठेवण्यात आली. पुढे तो निधी थांबला, पण शेजारी शेजारी बसून वेगवेगळे खाता येते हे तत्त्व डब्यालाही लागू पडते.

शेंगदाणा, तीळ आणि ॲलर्जी

प्रवेश अर्जात मुलाला कशाची ॲलर्जी आहे, हा रकाना असावा. वर्गात असे मूल असेल तर त्या वर्गापुरता नियम त्याच्या पालकांशी आणि डॉक्टरांशी बोलून करावा, आणि ‘एकमेकांचा डबा खाऊ नये’ हे तेथे कटाक्षाने पाळावे. इतर वर्गांत मुलांना वाटून खाऊ द्यावे.

परदेशातल्या मराठी घरांना हा भाग जास्त काळजीपूर्वक वाचावा लागतो. ब्रिटन, कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया येथील कित्येक शाळांत शेंगदाणा आणलेला चालत नाही, आणि आपल्या स्वयंपाकात तो दिसत नसला तरी असतो: साबुदाण्याच्या खिचडीत, काकडीच्या कोशिंबिरीत, भरल्या वांग्याच्या मसाल्यात, चटणीत, कधी तेलातही. कुटाच्या जागी भाजक्या डाळ्यांचे कूट बऱ्याच भाज्यांना चालते. तिळाचेही तसेच आहे. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तीळ हा वेष्टनावर नोंदवणे सक्तीचे असलेला नववा ॲलर्जीकारक पदार्थ झाला, आणि ब्रिटन व कॅनडातल्या याद्यांतही तो आहे. संक्रांतीला तिळगूळ वर्गात वाटण्यापूर्वी शाळेला लेखी विचारावे.

सकाळी भरलेला डबा दहाला उघडतो

जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार शिजलेले अन्न खोलीच्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. सकाळी सव्वासहाला भरलेला डबा साडेनऊ-दहाला उघडतो, म्हणजे आपल्याकडे ही मर्यादा रोजच ओलांडली जाते. म्हणून पदार्थ निवडतानाच काळजी घ्यावी. ओल्या खोबऱ्याची चटणी, दुधातली खीर, पनीरचा रस्सा, आदल्या रात्री बाहेर राहिलेला भात हे मार्च ते जून आणि ऑक्टोबरच्या उन्हात डब्यात देऊ नयेत. परतलेली भाजी, कोरडी उसळ, ठेपले, धिरडी आणि दशम्या टिकतात. पोळी वाफ जाऊ देऊन मगच मिटावी, नाहीतर झाकणाला पाणी सुटून ती चिकट होते. गरम अन्नासाठी प्लास्टिकपेक्षा स्टीलचा डबा चांगला.

नियम मोडला तर

शिक्षकांनी डबा काढून घेऊ नये, फेकू नये, मुलाला उपाशी ठेवू नये. जे आणले आहे ते त्या दिवशी खाऊ द्यावे आणि पालकांना रोजनिशीत किंवा फोनवर कळवावे. उरलेले अन्न डब्यातच घरी न्यावे, म्हणजे मुलाने किती खाल्ले हे घरी समजते. डबा विसरलेल्या मुलासाठी केळी किंवा चुरमुऱ्यांची सोय कार्यालयात असावी आणि ती कोणी न विचारता मिळावी. वाढदिवसाला खाऊ वाटायचाच असेल तर राजगिऱ्याची वडी किंवा फळ असावे. वर्गाच्या कपाटासाठी गोष्टीचे पुस्तक दिले तर अधिक उत्तम.

मसुद्याचा नमुना पुढीलप्रमाणे ठेवता येईल:

‘डब्यात पोळी, भाकरी किंवा भात आणि त्यासोबत भाजी, उसळ, डाळ यांपैकी काही असावे. फोडणीची पोळी, फोडणीचा भात चालेल. पाकिटबंद खाऊ, झटपट नूडल्स, चॉकलेट आणि बाटलीबंद गोड पेये आणू नयेत. डबा मुलाला स्वतः उघडता यावा. ॲलर्जी, आजार किंवा उपवास असल्यास वर्गशिक्षकांना लिहून कळवावे. डब्याबाबत काही सांगायचे असल्यास शाळा पालकांशी बोलेल, मुलांना विचारणार नाही. हे नियम पालक सभेत मंजूर झाले असून दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या सभेत त्यांवर पुन्हा चर्चा होईल.’

हा कागद मराठीत आणि शाळेत येणाऱ्या घरांच्या इतर भाषांतही द्यावा, आणि ज्या घरी आजी-आजोबा डबा भरतात त्यांच्यासाठी अक्षर जरा मोठे ठेवावे.