पायाला कळतंय का? घरी स्पर्श तपासताना

मधुमेहात बधिरपणा बहुधा पायाच्या बोटांपासून सुरू होतो, कारण तिथवर जाणाऱ्या नसा सगळ्यात लांब. माणसाला पत्ताही लागत नाही. चप्पल निसटून मागे राहते आणि चार पावलं गेल्यावर खाली बघितल्यावर समजतं. तपासायला दोन मिनिटं पुरतात, हात मात्र हलका हवा.

ज्यांचे पाय तपासायचे त्यांना मोजे काढून आडवं झोपवा. दोन्ही पायांना हात लावून ‘हा उजवा, हा डावा’ एकदा सांगा आणि डोळे मिटायला लावा. मग तर्जनीचं टोक १-२ सेकंद नुसतं टेकवा: उजवा अंगठा, उजवी करंगळी, डावा अंगठा, डावी करंगळी, उजवं मधलं बोट, डावं मधलं बोट. स्पर्श कळला की त्यांनी ‘उजवा’ किंवा ‘डावा’ म्हणायचं. ‘कळलं का?’ असं विचारत बसू नका. आपल्याकडे वडीलधारी मंडळी समोरच्याचं मन राखायला हो म्हणून मोकळी होतात. दाबू नका, टिचकी मारू नका, कारण दाब खोलवर कळतो आणि बधिर बोटही पास होतं. एखाद्या बोटाला कळलं नाही तर तिथे पुन्हा हात लावू नका. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर डॉक्टरांकडून पाय तपासून घ्या. या सहा बोटांच्या तपासणीला इप्सविच टच टेस्ट म्हणतात.

दवाखान्यात १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट वापरतात. ही नायलॉनची तार तेवढ्या जोराला वाकते. आधी हातावर लावून दाखवायची, मग अंगठ्याखाली आणि पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या बोटाच्या मुळाशी कातडीला काटकोनात धरून वाकेपर्यंत टेकवायची. भोवरी किंवा घट्टा टाळायचा, तिथली जाड कातडी दगा देते. एकाच तारेने ओळीने दहाएक पेशंट तपासले की तिला २४ तास विश्रांती लागते. मऊ पडलेली तार कमी जोरात वाकते आणि चांगला पाय बधिर ठरतो.

स्पर्श शाबूत आहे म्हणून निश्चिंत होऊ नये. स्पर्श आणि कंप जाड तंतूंतून जातात, टोचणं आणि गरम-थंड बारीक तंतूंतून. एक बिघडला तरी दुसरा चांगला असू शकतो. दवाखान्यात कंपही तपासतात: १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क (वाजवला की थरथरणारा धातूचा दुशाखी काटा) अंगठ्याच्या हाडावर ठेवून ‘थरथर थांबली की सांगा’ म्हणायचं. नुसत्या धातूच्या गारव्यालाही पेशंट ‘हो’ म्हणतो, त्यामुळे मधूनच न वाजवलेला फोर्क ठेवून बघायचा. सांध्याची जाणीव, म्हणजे बोट वर गेलं की खाली हे न बघता कळणं, तपासताना अंगठा दोन्ही कडांनी धरून किंचित वर-खाली करायचा. वरून-खालून धरला तर बोटांच्या दाबावरूनच दिशा ओळखता येते.

गरम-थंडाची परीक्षा घरी घेऊ नका. शेकायची पिशवी बधिर पायाला लावूच नका, आणि आंघोळीचं पाणी आधी कोपराने बघा. पाय बुडवून बघितलं तर भाजल्याचं फोड आल्यावरच कळेल.