स्पॅनिश मराठीतून शिका, पोर्तुगीजमध्ये मात्र जपून: या चुका टाळा

‘मला कॉफी आवडते’ हे स्पॅनिशमध्ये लिहायला सांगितलं की वर्गातले बरेच जण ‘यो गुस्तो काफे’ लिहितात. ‘यो’ म्हणजे ‘मी’. मराठीत ‘मी कॉफी आवडतो’ असं आपण कधी म्हणू का? चूक होते ती मधे इंग्रजी आणल्यामुळे. बरोबर वाक्य आहे ‘मे गुस्ता एल काफे’. ‘मे’ म्हणजे ‘मला’. आंबे आले की क्रियापदही अनेकवचनी होतं: ‘मे गुस्तान लोस मांगोस’, मला आंबे आवडतात. रचना थेट आपलीच.

दुसरी नेहमीची चूक कर्माची. ‘मी माझं पुस्तक शोधतेय’ म्हणजे ‘बुस्को मि लिब्रो’. पण भाऊ हरवला तर आपण ‘भावाला’ म्हणतो, तसंच स्पॅनिशमध्ये ‘आ’ लागतो: ‘बुस्को आ मि एर्मानो’. आणि गंमत पाहा, कुठलाही डॉक्टर चालणार असेल तर आपण ‘मी डॉक्टर शोधतेय’ म्हणतो, ‘ला’ गळतो. स्पॅनिशमध्येही तिथे ‘आ’ गळतो: ‘बुस्को उन मेदिको’. हा नियम पुस्तकातून पाठ करणाऱ्यांचा गोंधळ होतो. ‘ला’ लावून बघणाऱ्यांचा सहसा होत नाही. त्यामुळे अडलं की आधी मराठी वाक्य मोठ्यानं म्हणा.

स्पॅनिशनंतर पोर्तुगीजकडे वळलात की मात्र याच दोन सवयी नडतात. तिथे ‘मे गोश्ता’ चालत नाही. ‘एउ गोश्तु द काफे’ म्हणायचं (उच्चार लिस्बनचे देतेय), म्हणजे इथे ‘मी’च कर्ता, आणि मधला ‘द’ सोडायचा नाही. भावाला शोधतानाही ‘आ’ नको: ‘प्रोकुरु ऊ मेउ इर्मांव’. यातला ‘ऊ’ हे नुसतं उपपद आहे, इंग्रजीतल्या ‘the’सारखं.

काळाची चूक जास्त फसवी, कारण वाक्य व्याकरणात बसतं आणि अर्थ निसटतो. ‘मी जेवलेय’ म्हणजे स्पॅनिशमध्ये ‘ए कोमीदो’. त्याच घाटाचं पोर्तुगीज ‘तेन्यु कुमीदु’ म्हणालात, तर ऐकणाऱ्याला ‘हल्ली मी खात असते’ असं कळतं. जेवण झालंय एवढंच सांगायचं तर ‘झा कुमी’ पुरे.

लिंगाला मराठीचा आधार घेऊ नका. बटाटा शब्द आपण पोर्तुगीजांकडून घेतला, पण त्यांची ‘बाताता’ स्त्रीलिंगी आहे. दूध स्पॅनिशमध्ये स्त्रीलिंगी (‘ला लेचे’), पोर्तुगीजमध्ये पुल्लिंगी (‘ऊ लैत’). प्रवासाचं उलट: ‘एल बियाखे’, पण ‘आ व्ह्याजें’ (हा ‘आ’ म्हणजे स्त्रीलिंगी उपपद). वहीत शब्द कधीच एकटा उतरवू नका, उपपदासकट उतरवा.

सारख्या दिसणाऱ्या शब्दांपैकी एक तरी लक्षात ठेवाच. स्पॅनिश ‘एक्सकिसीतो’ म्हणजे चविष्ट, पोर्तुगीज ‘इशकिझीतु’ म्हणजे विचित्र. कुणा पोर्तुगीजाच्या घरी जेवायला गेलात तर हा शब्द तोंडात येऊ देऊ नका.

शेवटी आभार मानायची वेळ. पोर्तुगीज शिकवणाऱ्या बाई ‘ओब्रिगादा’ म्हणतात म्हणून मुलगेही तेच उचलतात. इथे बोलणाऱ्याचं लिंग बघतात, ‘मी येतो’ आणि ‘मी येते’मध्ये बघतो तसं. पुरुषांनी ‘ओब्रिगादु’ म्हणायचं, मग समोर बाई असो की पुरुष.