मोतीबिंदूची लेन्स निवडताना कोकणातल्या घरांत होणाऱ्या या चुका टाळा

गणपतीला मुंबईची मुलं घरी आली की आईबाबांच्या डोळ्यांचा विषय निघतोच. चिपळूणला नाहीतर कुडाळला तपासणी होते आणि हातात पॅकेजचा कागद पडतो: साधी लेन्स, मल्टिफोकल, टोरिक, भारतीय, इम्पोर्टेड. सगळ्यांचं लक्ष रकमांकडे. ज्यांच्या डोळ्यात ती लेन्स बसणार, ते दिवसभर डोळ्यांनी काय काम करतात, हे मात्र कोणी विचारत नाही. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच आहे.

साधी, म्हणजे मोनोफोकल लेन्स एकाच अंतरावर स्वच्छ दाखवते. बहुतेक वेळा ती लांबचं दिसण्यासाठी बसवतात, मग वाचायला, सुईत दोरा ओवायला चष्मा लागतो. हे आधी माहीत नसलं की ‘ऑपरेशन फसलं’ असं वाटतं. ते फसलेलं नसतं, ठरल्याप्रमाणेच झालेलं असतं. फक्त घरच्यांना कोणी समजावलेलं नसतं.

म्हणून मुलं म्हणतात, चांगली महागडीच बसवू, चष्माच नको. मल्टिफोकल लेन्स येणारा प्रकाश लांबच्या आणि जवळच्या नजरेत वाटून देते. त्यामुळे अनेकांचा चष्मा बराच सुटतो, पण रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात आणि अंधुक उजेडात वस्तू उठून दिसत नाहीत. हर्णैला पहाटेच्या काळोखात होडी घेऊन निघणारा माणूस, किंवा पावसाळी रात्री आंबा घाटातून गाडी हाकणारा ड्रायव्हर, यांना ही लेन्स त्रासाची ठरू शकते. काही महिन्यांत बऱ्याच जणांना सवय होते, सगळ्यांना होत नाही, आणि बसवलेली लेन्स काढून बदलायची तर पुन्हा ऑपरेशन. मधला पर्याय ‘एडॉफ’ लेन्सचा: लांबचं आणि हातभर अंतरावरचं बरं दिसतं, वलयांचा त्रास सहसा कमी, पण बारीक अक्षराला चष्मा लागू शकतो.

ज्यांचा चष्मा आयुष्यभर उणे नंबरचा आहे, त्यांच्या बाबतीतली चूक फार हळहळ लावते. अशी आजी चष्मा काढून पोथी वाचते, तांदळातले खडे वेचते. ऑपरेशनात लांबची नजर नीट करून दिली की तिची ही बिनचष्म्याची जवळची नजर जाते. डॉक्टरांना आधीच सांगा, ‘जवळचं बिनचष्म्याचं दिसत राहू दे.’ मग ते साधारण उणे २ ते उणे २.५ नंबर शिल्लक ठेवून लेन्स निवडू शकतात. ४० ते ५० सेंटिमीटरवरचं स्वच्छ दिसतं, लांबचं पाहायला चष्मा. जाळी विणणाऱ्यांनीही हा पर्याय विचारून घ्यावा.

‘आंबा उतरला की बघू, मोतीबिंदू पिकू दे’ म्हणत वर्षं काढणं ही जुनी सवय. लेन्सचा नंबर बुबुळाची वक्रता आणि डोळ्याची लांबी मोजून काढतात. लांबीत १ मिलिमीटर चूक झाली तर नंबर जवळपास अडीच-तीनने चुकतो. मोतीबिंदू फार दाट झाला की प्रकाशावर चालणाऱ्या यंत्राला आरपार मोजता येत नाही, मग डोळ्याला प्रोब (मापाची कांडी) टेकवून मोजावं लागतं आणि त्यात डोळा जरासा दाबला गेला तरी माप बदलतं. डोळे कोरडे पडत असतील तर आधी त्यावर उपचार करून मगच माप घ्या.

आजार आणि गोळ्या लपवू नका. मधुमेहाने पडदा खराब झालेला असेल किंवा काचबिंदू असेल तर मल्टिफोकल सहसा टाळतात. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन चालू असेल, किंवा पूर्वी कधी घेतली असेल, तर ते जरूर सांगा. या गोळीमुळे ऑपरेशनच्या वेळी बाहुली नीट मोठी न राहण्याची शक्यता असते, आणि आधी कळलं तर सर्जन तयारीत असतो.

‘इम्पोर्टेडच हवी’ हा आग्रह मला पटत नाही. मदुराईच्या ऑरोलॅबमध्ये १९९२पासून लेन्स बनतात आणि परदेशातही जातात. डोळ्यात पहिली कृत्रिम लेन्स हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ साली लंडनमध्ये बसवली, ती घडी न होणाऱ्या कडक प्लॅस्टिकची होती. आज घडीच्या लेन्सला छोटी चीर पुरते आणि डोळा लवकर सावरतो, एवढा फरक विचारात घ्यावा. सिलिंडर नंबर जास्त असेल तर तो नंबर दुरुस्त करणाऱ्या टोरिक लेन्सवर केलेला खर्च मात्र सार्थकी लागतो. विमा असेल तर विम्यात न बसणारी वरची रक्कम कोण भरणार, हे ऑपरेशनआधी लेखी घ्या.

नंतर काही बिघडलंसं वाटलं तर? पहिल्या आठवड्यात निकाल लावू नका. चष्म्याचा नंबर स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात. पण डोळा दुखू लागला, लाल झाला किंवा नजर अचानक कमी झाली, तर उद्याच्या एसटीची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आत जंतुसंसर्ग झाला असेल तर तासातासाला नुकसान होतं. टोरिक बसवूनही धूसर दिसत असेल तर ती आत फिरलीय का हे लवकर तपासून घ्या, कारण ३० अंश फिरली तर तिचा उपयोगच उरत नाही. आणि काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धुकं आलं, तर मोतीबिंदू परतलेला नसतो. लेन्समागचं पातळ आवरण गढूळ झालेलं असतं आणि याग लेझरने ते काही मिनिटांत मोकळं होतं.

लेन्सचं नाव, नंबर लिहिलेलं स्टिकर हॉस्पिटलमधून मागून घ्या आणि फाइलमध्ये जपा. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी ते दाखवा आणि पहिल्या डोळ्याने काय दिसतं, काय दिसत नाही ते स्पष्ट सांगा. दुसऱ्या डोळ्याचा नंबर त्यावरून बदलता येतो.