वेबसाइट गूगलवर सापडत नाही? पॅकेज घेण्याआधी हे तपासा

डोमेनचे पैसे दरवर्षी भरले जातात, होस्टिंगचेही भरले जातात, आणि गिऱ्हाईक मात्र फोनवर विचारतं, ‘तुमची वेबसाइट आहे का हो?’ नाशिकमधल्या बऱ्याच छोट्या व्यवसायांची ही गत आहे. मग कुणाचा तरी फोन येतो, ‘आमचं पॅकेज घ्या, तीन महिन्यांत गूगलच्या पहिल्या पानावर आणतो, गॅरंटी.’ अशी गॅरंटी कुणालाच देता येत नाही, हे गूगलनेच स्पष्ट सांगितलेलं आहे. पैसे द्यायचेच असतील तर खालची कामं उरकल्यावर द्या. यातली निम्मी कामं मालकाला स्वतः करता येतात.

गूगलला साइट माहीत आहे का

गूगलच्या सर्चमध्ये इंग्रजीत ‘साइट’ टाइप करा, त्याला चिकटून कोलन द्या आणि मध्ये जागा न सोडता वेबसाइटचा पत्ता लिहा. तुमची पानं दिसली तर ठीक. एकही दिसलं नाही तर साइट बहुधा गूगलच्या इंडेक्समध्ये, म्हणजे त्याने नोंदवलेल्या पानांच्या यादीत, नाहीच, आणि मग कीवर्डची (शोधशब्दांची) चर्चा व्यर्थ आहे. वर्डप्रेसची साइट असेल तर सेटिंग्जमधल्या ‘रीडिंग’ पानावर सर्च इंजिनांना साइट इंडेक्स करू नका असं सुचवणारा एक चौकोन असतो. साइट तयार होत असताना डेव्हलपर त्यावर टिक करतो आणि चालू करताना काढायला विसरतो. एवढ्या एका टिकेमुळे साइट वर्षभर अंधारात राहू शकते.

आता सर्च कन्सोल. आपली साइट गूगलला कशी दिसते ते दाखवणारं हे गूगलचंच साधन आहे आणि फुकट आहे. यात साइट जोडताना ‘डोमेन’ हा प्रकार निवडा, म्हणजे ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’सह, त्याशिवाय, सुरक्षित आणि असुरक्षित असे सगळे पत्ते एकाच खात्यात येतात. त्यासाठी डोमेन जिथून घेतलं तिथे लॉगिन करून डीएनएसमध्ये (डोमेनच्या तांत्रिक नोंदींमध्ये) एक टीएक्सटी रेकॉर्ड, म्हणजे गूगलने दिलेली मजकुराची ओळ, टाकावा लागतो. गाडी अडते ती इथेच. लॉगिन कुणाकडे आहे? डोमेन डेव्हलपरच्या ईमेलवर घेतलेलं असेल तर ते आधी स्वतःच्या नावावर करून घ्या. दुकानाचा गाळा आपला आणि वीजमीटर भलत्याच्या नावावर, तसाच हा प्रकार आहे. रेकॉर्ड टाकल्यावर पडताळणी लगेच झाली नाही तर घाबरू नका, कधी काही तास लागतात, कधी एक-दोन दिवस.

जोडणी झाली की साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पानांच्या पत्त्यांची यादी, सबमिट करा. महत्त्वाच्या चार-पाच पानांचे पत्ते वरच्या पट्टीत एकेक टाकून तपासा. पान इंडेक्समध्ये नसेल तर कारण तिथेच लिहिलेलं असतं. ‘क्रॉल केलं, पण सध्या इंडेक्स केलेलं नाही’ अशा अर्थाचा शेरा असेल तर गूगलने पान पाहिलं आणि ठेवलं नाही. बऱ्याचदा त्या पानावर वाचण्यासारखं फारसं काही नसतं. पुन्हा पुन्हा ‘रिक्वेस्ट इंडेक्सिंग’ दाबून त्यात फरक पडत नाही.

मराठी मजकूर खरंच मराठी आहे का

जुन्या मराठी साइटवर ही चूक आढळते. मजकूर डीटीपीवाल्याकडच्या जुन्या, युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची संकेतपद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये असतो. डोळ्यांना मराठी दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी असते, आणि गूगल ती खिचडीच वाचतं. तपासायला दहा सेकंद लागतात. साइटवरची एक ओळ कॉपी करा आणि व्हॉट्सअ‍ॅपमध्ये पेस्ट करा. मराठी उमटलं तर ठीक, नाहीतर सगळा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या.

याच जातीची दुसरी चूक म्हणजे फ्लेक्ससाठी केलेलं डिझाइनच साइटवर चढवणं. दर, पत्ता, सेवा, सगळं एका चित्रात. चित्रातल्या अक्षरांच्या भरवशावर पान वर येत नाही. ती माहिती पानावर टाइप केलेली हवी.

एका सेवेला एक पान

छोट्या साइटचं जास्तीत जास्त भलं ज्याने होतं ते काम हे. सातपूर एमआयडीसीतल्या एखाद्या मशीनिंग वर्कशॉपचं उदाहरण घ्या. होमपेजचं टायटल (गूगलच्या निकालांत दिसणारं पानाचं शीर्षक) असतं ‘होम’ किंवा ‘वेलकम’. ‘आमच्या सेवा’ या एकाच पानावर व्हीएमसी (संगणकावर चालणारं उभं मिलिंग मशीन), टर्निंग, फिक्स्चर, वेल्डिंग अशी बारा नावं एकाखाली एक. शेवटी ‘क्वालिटी हाच आमचा ध्यास’. व्हीएमसी जॉबवर्क शोधणाऱ्या परचेसवाल्याला यातून काहीच कळत नाही, आणि गूगललाही नाही.

त्याऐवजी व्हीएमसीचं स्वतंत्र पान करा. टायटल असं: ‘व्हीएमसी जॉबवर्क, सातपूर एमआयडीसी, नाशिक’ आणि पुढे फर्मचं नाव. टायटल साधारण ५० ते ६० अक्षरांत बसवा, लांब झालं तर निकालांत कापलं जातं. महत्त्वाचे शब्द आधी आणि नाव नंतर, कारण अनोळखी गिऱ्हाईक तुमच्या नावाने शोधत नाही. मग पानावर परचेसवाला फोनवर जे विचारतो तेच लिहा: मशीनचं टेबल किती बाय किती मिलिमीटरचं, किती वजनाचा जॉब बसतो, ईएन-८ करता की एसएस-३०४ आणि अ‍ॅल्युमिनियमही, टॉलरन्स किती मायक्रॉनपर्यंत धरता, किमान किती नग, ड्रॉइंग पीडीएफमध्ये चालतं की स्टेप फाइल लागते, सीएमएम मशीनवरचा मोजमापाचा रिपोर्ट देता का, माल किती दिवसांत. सोबत स्वतः केलेल्या जॉबचे तीन-चार फोटो. नेटवरून उचललेला निळसर मशीनचा फोटो नको, तो शंभर साइटवर असतो.

शब्द निवडायला महागडं साधन लागत नाही. महिनाभर येणाऱ्या फोनमधली आणि व्हॉट्सअ‍ॅपमधली पहिली वाक्यं एका वहीत टिपून ठेवा. ‘अर्जंट आहे, दहा नग मिळतील का’ हा प्रश्न चारदा आला, तर कमी नगांच्या कामाबद्दल पानावर एक परिच्छेद हवाच. मेटा कीवर्डचा टॅग (पानाच्या कोडमधली, वाचकाला न दिसणारी शोधशब्दांची यादी) भरत बसू नका, गूगल क्रमवारीसाठी तो वापरत नाही हे त्यांनी २००९ मध्येच जाहीर केलं. नाशिक की नासिक, इंग्रजीत मधला एच घालायचा की नाही, यावरही डोकं शिणवू नका. एकच रूप घ्या आणि सगळीकडे तेच ठेवा.

मराठी आणि इंग्रजी दोन्ही हवं असेल तर दोन वेगळी पानं, दोन वेगळे पत्ते. कोपऱ्यात भाषांतराचं बटण बसवलं म्हणून मराठी पान तयार होत नाही. ते बटण वाचकासाठी असतं, गूगलच्या इंडेक्समध्ये त्याचं वेगळं पान जात नाही.

एक मोह मात्र टाळा. सिडको, पंचवटी, इंदिरानगर, नाशिकरोड अशी प्रत्येक भागाची पानं काढून नुसतं नाव बदलत तोच मजकूर चिकटवणं. गूगलच्या स्पॅम धोरणात याला ‘डोअरवे’ पानं म्हणतात आणि त्याचा फटका बसू शकतो. नाशिकरोडला खरंच शाखा असेल, तिथला पत्ता, वेळ, फोटो वेगळे असतील, तर पान जरूर करा.

नकाशातली नोंद

दवाखाना, मिसळीचं हॉटेल, भांड्यांचं दुकान, गॅरेज, यांना वेबसाइटच्या आधी गूगल बिझनेस प्रोफाइल उपयोगी पडतं. तेही फुकट आहे. नोंदीसाठी गूगलतर्फे बोलतोय म्हणून कुणी पैसे मागितले तर फोन ठेवून द्या.

नाव पाटीवर आहे तेच टाका. नावापुढे ‘बेस्ट डेंटिस्ट इन नाशिक कॉलेज रोड’ असं शेपूट जोडलं तर नोंद निलंबित होऊ शकते, आणि ती परत मिळवायला आठवडे जातात. मुख्य कॅटेगरी नेमकी निवडा, कारण तिचा परिणाम मोठा असतो. तिच्यासोबत आणखी ९ देता येतात, पण जागा आहेत म्हणून भरू नका. पिन गल्लीच्या तोंडाशी न ठेवता तुमच्या दारावर ठेवा. सराफ बाजार किंवा भांडी बाजारासारख्या दाटीत पंचवीस मीटरचा फरक म्हणजे गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात.

पडताळणीसाठी आता बऱ्याचदा व्हिडिओ मागतात. तो मध्ये न तोडता एका दमात घ्यायचा. आधी रस्ता आणि आजूबाजूच्या पाट्या, मग तुमची पाटी, मग आतली यंत्रं किंवा माल, आणि तुम्हीच चालवता हे कळेल असं काही, जसं की कुलूप उघडणं किंवा गल्ला. घरून डबे देणाऱ्यांनी पत्ता लपवून सेवाक्षेत्र द्यावं, त्यात २० भागांपर्यंत टाकता येतात.

स्थानिक क्रम गूगल तीन गोष्टींवर लावतं: शोधाशी जुळणी, अंतर आणि व्यवसायाचा लौकिक. अंतर तुमच्या हातात नाही. देवळाली कॅम्पातून शोधणाऱ्याला गंगापूर रोडचं दुकान वर दिसलं नाही तर ते बिघाडाचं लक्षण नाही. म्हणूनच दुकानात बसून स्वतःच्या मोबाइलवर ‘आपण पहिले दिसतो’ हे पाहण्यात अर्थ नसतो. तुम्ही दुकानातच उभे आहात!

लौकिक वाढतो तो रिव्ह्यूंनी. बिल देताना क्यूआर दाखवून मागा, रोज एक-दोन आले तरी पुरे. रिव्ह्यूवर सूट किंवा वाटीभर चिवडा देणं नियमाबाहेर आहे. वाईट रिव्ह्यूला चोवीस तास थांबून शांत, दोन ओळींचं उत्तर द्या, ते पुढचं गिऱ्हाईक वाचत असतं. नाव, पत्ता, फोन वेबसाइटवर, प्रोफाइलमध्ये आणि इतर डिरेक्टऱ्यांत अक्षरशः सारखे ठेवा.

वेग

गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्स या वेग मोजणाऱ्या साधनात मोबाइलचा निकाल पाहा. मुख्य मजकूर किंवा चित्र २.५ सेकंदांत दिसावं, बटण दाबल्यावर २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा, आणि पान लोड होताना उड्या मारण्याचा आकडा ०.१ च्या आत असावा. शंभरपैकी शंभर गुणांमागे धावू नका. दोष बहुतेकदा फोटोंचा असतो. मोबाइलवरून काढलेला ४ एमबीचा फोटो तसाच चढवलेला असतो. रुंदी १२०० ते १६०० पिक्सेल करून वेबपी या हलक्या स्वरूपात घ्या, बरेच फोटो २०० केबीच्या आत बसतात. वरचा पहिला मोठा फोटो ‘लेझी लोड’वर (गरज पडेल तेव्हाच लोड होणं) ठेवू नका, नाहीतर तोच उशिरा येतो. पाच चित्रांचा फिरता स्लायडर काढलात तर कुणाला चुकल्यासारखंही वाटणार नाही.

नवीन डिझाइन करताना जुन्या पानांचे पत्ते बदलणार असतील, तर प्रत्येक जुना पत्ता त्याच विषयाच्या नव्या पानावर ३०१ रीडायरेक्टने (पत्ता कायमचा बदलल्याची खूण) वळवा. सगळे होमपेजवर वळवले की जुन्या पानांनी कमावलेलं बरंचसं वाया जातं.

बॅकलिंक

बॅकलिंक म्हणजे दुसऱ्यांच्या साइटवरून तुमच्या साइटला दिलेले दुवे. ठोक भावात मिळणारे विकत घेऊ नका, ते गूगलच्या धोरणाविरुद्ध आहे. निमा किंवा आयमासारख्या संघटनेचे सभासद असाल तर तिथल्या यादीत साइटचा पत्ता घालता येईल का ते विचारा. कच्चा माल देणाऱ्या कंपनीच्या डीलर पानावर नाव येतं का पाहा. असे चार दुवेही कामाचे.

महिन्यातून एक तास

सर्च कन्सोलच्या परफॉर्मन्स पानावर १६ महिन्यांपर्यंतचा डेटा मिळतो. मागचे तीन महिने निवडा, सरासरी स्थान चालू करा आणि शोधशब्दांची यादी इंप्रेशननुसार, म्हणजे निकालांत किती वेळा दिसलात त्यानुसार, लावा. समजा एका ओळीत दिसलं: ‘फिक्स्चर मॅन्युफॅक्चरर नाशिक’, इंप्रेशन ४२०, क्लिक ३, स्थान ११. याचा अर्थ गूगलला पान विषयाशी जुळतंय असं वाटतं, पण ते दुसऱ्या पानाच्या तोंडाशी अडलंय. आता त्या ओळीवर क्लिक करून ‘पेजेस’ बघा. फिक्स्चरच्या शोधाला होमपेज दिसत असेल तर फिक्स्चरचं स्वतंत्र पान करा आणि होमपेजवरून त्याला दुवा द्या. पान आधीच असेल तर टायटल सुधारा, मजकुरात राहिलेली उत्तरं भरा. स्थान ३ असूनही क्लिक नसतील तर बहुतेक टायटल गुळमुळीत आहे. एका वेळी एकच बदल करा, तारीख लिहून ठेवा आणि चार ते सहा आठवडे थांबा.

हंगामी धंद्यांनी हे आणखी आधी करायचं. द्राक्षांचा माल जानेवारीत सुरू होत असेल तर पान ऑक्टोबरात तयार हवं. २०२७ च्या सिंहस्थासाठी पंचवटी किंवा त्र्यंबकेश्वरात खोल्या देणाऱ्यांनी रामकुंडापासूनचं किंवा कुशावर्तापासूनचं चालत अंतर, पार्किंग, गरम पाण्याची वेळ, आगाऊ रकमेचा नियम हे आत्ताच पानावर घालावं. पानाच्या पत्त्यात मात्र वर्ष घालू नका. सिंहस्थ उरकला की तेच पान, त्याच पत्त्यावर, श्रावणातल्या त्र्यंबकच्या गर्दीसाठी मजकूर बदलून वापरता येतं.