आवडता पिक्चर, सिरीज, गेम: नुसतं "भारी आहे" च्या पुढे कसं जायचं

आवडता पिक्चर कुठला असं विचारलं की आपण नाव पटकन सांगतो, पण का आवडतो म्हटलं की स्टोरी मस्त आहे, अ‍ॅक्टिंग खतरनाक आहे, बघच एकदा, एवढ्यावर गाडी अडते. मला हे नेहमी खटकतं, कारण ज्या गोष्टीने आपल्याला रात्रभर झोपू दिलं नाही तिच्याबद्दल सांगायला आपल्याकडे चार शब्द नसावेत हे बरोबर नाही. म्हणून मी माझ्या आवडत्या गोष्टींबद्दल लिहून ठेवायला लागलो, आणि ते कसं करायचं याची आता एक पद्धत बसलीय, ती सांगतो.

वही घ्या किंवा फोनमधलं नोट्स अ‍ॅप, काहीही चालतं. वर नाव, खाली रेटिंग, असं करू नका. आधी एक क्षण लिहा. अख्खा पिक्चर नाही, फक्त तो एक क्षण जो आत्ता डोळ्यासमोर आला, आणि त्यात काय दिसत होतं काय ऐकू येत होतं तेवढंच. "खूप इमोशनल सीन" हे लिहिलं तर ते खोडा, कारण ते तुमच्याबद्दल आहे, सीनबद्दल नाही.

सैराटचं उदाहरण घेऊ (ज्यांनी बघितला नाही त्यांनी हा पॅरा सोडून पुढे जा प्लीज). शेवट बघून सगळे सुन्न झाले, मीही झालो, पण का झालो ते लिहायला बसल्यावर कळलं की तिथे आवाजच नाहीये. मारताना दाखवलेलं नाही. लहान पोर आत येतं, ते रडतंय हे दिसतं पण ऐकू येत नाही, आणि मग ते बाहेर जाताना जमिनीवर त्याच्या पावलांचे लाल ठसे. आता हे आठवा की हा तोच 2016 चा पिक्चर आहे ज्याची गाणी अजय-अतुलने हॉलिवूडला जाऊन मोठ्या सिंफनी ऑर्केस्ट्रावर रेकॉर्ड केली होती, म्हणजे पहिल्या भागात नागराज मंजुळे आपले कान संगीताने भरून टाकतात आणि शेवटी एकदम सगळं काढून घेतात. ती शांतता एवढी जड वाटते ती आधीच्या झिंगाटमुळे. हे एकदा लिहिलं की तो पिक्चर तुमचा होतो, मग कोणी किती का वाद घालेना.

तर दुसरी पायरी हीच, की त्या क्षणात काय नाहीये ते शोधायचं. जे दाखवलं ते सगळ्यांनाच दिसतं, जे दाखवलं नाही तिथे बनवणाऱ्याचं डोकं दिसतं. 1975 च्या जॉजमधे तासाभराहून जास्त वेळ शार्क धड दिसतच नाही. यांत्रिक शार्क समुद्राच्या पाण्यात सारखा बंद पडायचा म्हणून दिग्दर्शक स्पीलबर्गला पाणी, म्युझिक आणि शार्कला दोरीने अडकवलेले ते पिवळे पिंप यांच्यावर भागवायला लागलं, आणि नेमकी त्याचीच भीती वाटते. पिंप पाण्याखाली गेलं की आपला जीव टांगणीला, शार्क न दिसता!

हे सगळं लिहायच्या आधी दुसऱ्यांचे रिव्ह्यू, यूट्यूबवरचे एंडिंग एक्सप्लेन्ड वगैरे बघू नका, नंतर हवे तेवढे बघा. आधी बघितलं की आपल्याला वाटलेलं काय आणि त्यांनी सांगितलेलं काय हे वेगळं करता येत नाही, मला तरी येत नाही.

मग परत बघायचं. पण परत बघताना एकच गोष्ट धरून बघा, एका वेळी फक्त प्रकाश, किंवा फक्त आवाज, किंवा मागे उभा असलेला माणूस. आवडत्या सीनचा आवाज बंद करून बघणं हा माझा सगळ्यात लाडका प्रकार आहे, कॅमेरा कधी हलतो कधी हलत नाही ते तेव्हाच कळतं. उलटंही करा, डोळे मिटून फक्त ऐका.

सिरीजचं गणित वेगळं आहे कारण तिथे वेळ खूप असतो, ब्रेकिंग बॅडचे 62 एपिसोड आहेत, ते सगळे परत बघायला कोणाकडे वेळ आहे. सिरीजमधे एक माणूस धरायचा किंवा एक सवय. चौथ्या सीझनमधे ड्रग्जच्या धंद्यातला बॉस गस बाथरूममधे जातो, विष पोटात गेलेलं आहे, तरी टॉवेल नीट घडी करून जमिनीवर ठेवतो, त्यावर गुडघे टेकतो आणि मग उलटी करतो. पुढच्या सीझनमधे सिरीजचा हिरो वॉल्टर उलटी करायच्या आधी तसाच टॉवेल गुडघ्याखाली घेतो. कोणी काही बोलत नाही, कॅमेरा पण थांबून दाखवत नाही की बघा बघा. ज्याला त्याने संपवलं त्याची सवय त्याच्या अंगात आलीय, आणि आपण पहिल्यांदा बघताना स्टोरीच्या नादात हे सरळ सोडून देतो. मला वाटतं सिरीज या प्रकाराची खरी ताकद ही आहे, वर्षभर आधीची एक बारीक गोष्ट हळूच परत आणायची. त्यामुळे सीझनचा पहिला आणि शेवटचा एपिसोड लागोपाठ बघा, मधलं काही नाही, माणूस किती बदलला ते एका रात्रीत समजतं.

गेमबद्दल लिहिताना लोक हमखास स्टोरी सांगतात आणि तिथेच घोळ होतो. गेममधे तुम्ही बघत नसता, करत असता. म्हणून गेमच्या नोटमधे पहिलं वाक्य हाताबद्दल लिहा, कुठलं बटण, किती वेळ, कशासाठी. गेम डिझायनर फुमितो उएदाचा 2001 चा इको खेळलेल्यांना माहीत असेल, त्यात कंट्रोलरवरचं आर वन बटण दाबून धरलं की तो मुलगा त्या मुलीचा हात धरतो, सोडलं की हात सुटतो. मग 2005 ला त्यांचाच शॅडो ऑफ द कोलोसस आला, प्लेस्टेशन 2 वर, आणि तिथे तेच आर वन दाबून तुम्ही एका अवाढव्य प्राण्याच्या केसांना लटकता, तो तुम्हाला झटकून टाकायला बघतो, पकड संपत येते, बोट दुखायला लागतं तरी सोडवत नाही. एका गेममधे ज्या बोटाने कोणाला तरी वाचवलं त्याच बोटाने दुसऱ्यात कोणाला तरी मारायला चाललोय. 16 प्राणी आहेत, आणि एकेक पडतो तेव्हा जिंकल्याचं म्युझिक वाजत नाही, दुःखाचं वाजतं. हे मी कुठल्याही पिक्चरमधे अनुभवलेलं नाही आणि अनुभवता येणारही नाही, कारण पिक्चरमधे माझं बोट नसतं.

साध्या गेमलाही हे लागू आहे. सुपर मारिओचा पहिला लेव्हल, 1985 चा, एकही सूचना नाही. मारिओ डावीकडे उभा, उजवीकडे मोकळी जागा, म्हणून आपण उजवीकडे जातो. समोरून गूंबा नावाचा छोटा शत्रू येतो, उडी मारावीच लागते. वरच्या ठोकळ्यातून मशरूम निघतो, उजवीकडे घरंगळतो, पाइपला धडकून परत आपल्याकडेच येतो, त्यामुळे नवीन माणसाला तो बहुतेक वेळा मिळतोच आणि मशरूम चांगला असतो हे कळतं. शिकवतोय हे जाणवू न देता शिकवलंय. तुमच्या आवडत्या गेमची पहिली पाच मिनिटं नवीन सेव्ह करून परत खेळा आणि काय काय गुपचूप शिकवलं ते लिहा, अगदी मजा येते. आणि हो, ईझीवर खेळलात तरी चालतं, त्याने आवड कमी होत नाही.

नोटवर तारीख टाका. काही वर्षांनी तोच पिक्चर परत बघितला आणि आवडला नाही तर जुनी नोट खोडू नका, खाली नवीन लिहा. दोन्ही खरंच असतं.

आणि कुठलं व्हर्जन बघितलं तेही लिहून ठेवा, हे फार कमी लोक करतात. 1982 चा ब्लेड रनर थिएटरमधे आला तेव्हा त्यात हिरोचं निवेदन होतं आणि शेवट गोड होता, 1992 च्या डायरेक्टर्स कटमधे निवेदन गेलं, गोड शेवट गेला आणि युनिकॉर्नचं स्वप्न आलं, मग 2007 ला फायनल कट. दोन मित्र तासभर भांडतात आणि दोघांनी वेगवेगळा पिक्चर बघितलेला असतो. शॅडो ऑफ द कोलोससचाही 2018 ला रिमेक आला, दिसायला सुंदर आहे, पण बटणांची मांडणी बदललीय, जुनी, आर वनवाली, हवी तर सेटिंगमधून निवडता येते आणि इको आधी खेळला असेल तर तीच निवडा. ब्लेड रनर पहिल्यांदा बघणार असाल तर सरळ फायनल कट लावा, निवेदनवाला नंतर, तुलना करायला.